एक वाजताच्या सूचना

नियेले देम्बेलेला कुत्याला नावाच्या गावात तोंडाने ओळखणारे थोडे आणि आवाजाने ओळखणारे सगळे. ती बाजारात टोमॅटोचा भाव विचारी, तेव्हा विकणारी आधी दचकून मान वर करी आणि मग म्हणे, "अगं बाई, रेडिओ चालत आला!"

तो रेडिओ म्हणजे रेडिओ सिगिदा. राज्य बदललं, रेडिओवरची सरकारी मक्तेदारी उठली, आणि १९९४ साली कापूस पिकवणाऱ्यांच्या मंडळाने आपल्या जुन्या गोदामात तो सुरू केला. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले, छपरामागे मनोरा उभा केला, आणि पहिल्या दिवशी माईकसमोर बसल्यावर लक्षात आलं की बोलायचं काय ते कुणी ठरवलेलंच नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी मग अर्धा तास एकेका गावाचं नाव घेऊन ख्यालीखुशाली विचारली. घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत, बैल कसे आहेत. लोक इतके खूश झाले की तो अर्धा तास आजही पहाटेचा पहिला कार्यक्रम आहे. बैलांसकट.

त्याच वर्षी नियेले तिथे आली ती नोकरीला नव्हे, हरवलेल्या शेळीची सूचना द्यायला. वाचणाऱ्याचा घसा बसला होता. सहावी शिकलेल्या नियेलेने स्वतःच माईक ओढला आणि शेळीचं असं वर्णन केलं की संध्याकाळच्या आत तीन शेळ्या तिच्या दारात आल्या. त्यातली एक तिची होती. दुसऱ्या दिवशी मंडळाने तिला बोलावून घेतलं.

तेव्हापासून रोज एक वाजता सूचना वाचायच्या त्या नियेलेने. गाढव हरवलं, बारसं आहे, गाईला लस टोचायला डॉक्टर येतोय, अमका वारला. सकाळी कापसाचा तास, दुपारी बायकांचा तास, संध्याकाळी घराण्यांच्या वंशावळी गाणारे भाट, हे सगळं लोक कामं करता करता ऐकत. एक वाजता मात्र मुसळं थांबत. दोन वाजता यंत्र थंड करायला स्टेशन बंद होई, ते पाचला उघडे.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. देम्बेले आणि जारा ही घराणी एकमेकांची थट्टेची भावंडं. कधीपासून, ते भाटांनाही धड सांगता येत नाही. देम्बेले दिसला की जाराने त्याला चवळीखाऊ म्हणायचं, जारा दिसला की देम्बेलेने त्याला आपला पळालेला गुलाम म्हणायचं, आणि रागवायचं कुणीच नाही. जो रागवेल तो हलकट. एकमेकांना सरळ मान देणं तर त्याहून वाईट.

फालाकोनी गावच्या झुमाना जारांनी ही थट्टा रेडिओवर आणली. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ब्रेहिमाच्या प्रवासी गाडीतून त्यांची चिठ्ठी यायची. वहीचा कागद, निळी शाई, गोल गोल अक्षर. "नियेले देम्बेले चवळीच्या पातेल्यात बुडून वारली. पातेलं सुखरूप आहे." नियेले ते वाची आणि उलट टोला हाणी. सगळा बाजार हसे. अकरा वर्षांत नियेले रेडिओवर सातदा मेली, झुमाना जारा तीनदा.

दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. नियेलेला त्या माणसाचं भारी कुतूहल. उंच असेल की ठेंगणा? एवढ्या खोड्या सुचतात, तर घरी बायकोला छळतो की हसवतो? तिने एकदा ब्रेहिमाला खोदून विचारलं, "कसे आहेत रे दिसायला?"

ब्रेहिमा विचार करून म्हणाला, "म्हातारे आहेत. दोन कान आहेत."

"काय डोळे आहेत तुझे! गाडी कशी चालवतोस कोण जाणे!"

२००५ च्या त्या गुरुवारी पहारेकऱ्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून दिला. त्यात निळी शाई, गोल अक्षर. "फालाकोनीचे झुमाना जारा आज सकाळी वारले. माती चारच्या नमाजानंतर. मुलगी सारान कुत्यालात असते, तिने ब्रेहिमाच्या गाडीने लगेच निघावं."

नियेलेला हसू फुटलं. एक वाजता तिने आवाज चढवला, "ऐका हो ऐका! जारांचा म्हातारा चौथ्यांदा मेला! लेकीला बोलावलंय म्हणे. सारानबाई, मुळीच जाऊ नका, पातेली घासायला बोलावलंय!"

दोनला पाच मिनिटं असताना सूत्रं तंत्रज्ञ लासिनेच्या हाती देऊन ती बाहेर आली, तर फाटकात ब्रेहिमा उभा. काखेत पांढऱ्या कापडाचा गठ्ठा. "बाई, सारान आली का? कफन घ्यायला गेलो होतो. अडीचला निघालो तरच मातीला पोचू. तिचं घर मला ठाऊक नाही."

फालाकोनीत तेव्हा फोनचा मनोरा नव्हता, की तिथे फोन करून पत्ता विचारावा. कुत्यालात सारान नावाच्या बायका दोनशे. आणि त्यांतल्या नेमक्या एकीला, जिला बापाचं तोंड शेवटचं पाहायचं होतं, नियेलेने स्वतःच्या तोंडाने जाऊ नको म्हणून सांगितलं होतं.

ती आत धावली. लासिनेने नुकताच खटका पाडला होता.

"लाव परत."

"ताई, तापलंय ते. आत्ता लावलं तर जळेल. मग महिनाभर सगळा मुलूख मुका."

"जळू दे! अरे, मी तिला जाऊ नको म्हटलंय!"

लासिनेने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खटका वर केला.

नियेलेने चिठ्ठी वाचली. या वेळी शब्दाला शब्द, थट्टा न करता. वाचून होते न होते तोच फोन खणखणला. पलीकडे कोणी पुरुष पोट धरून हसत होता. "बाई, आज दोनदा? आणि काय ते रडकं सोंग! पहिल्यापेक्षा भारी जमलं!"

तिने फोन खाली ठेवला. अकरा वर्षं ज्या आवाजाने लोकांना हसवलं, त्या आवाजावर आता कोण विश्वास ठेवणार? शपथ घेतली तरी लोक म्हणतील, वा! घड्याळात सव्वादोन होऊन गेले होते.

मग तिने जे केलं ते तिच्या घराण्यात कुणी केलं नसेल. माईक जवळ घेतला आणि भाट घेतात तसं घराण्याचं नाव घेतलं. "जारा. जारा. जारा. झुमाना जारा, तुमच्या बापाला, आजाला, पणजाला मी देम्बेलेंची लेक मान खाली घालून सलाम करते. तुम्ही मोठे, मी लहान. एक वाजता माझी चूक झाली. सारान, बाई, तुझे वडील गेले. गाडी रेडिओच्या फाटकाशी उभी आहे."

लासिनेने टोपी काढून मांडीवर ठेवली. फोन पुन्हा वाजला नाही. बाजारात न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं, कारण देम्बेलेने जाराला सरळ मान दिलेला त्या बाजाराने कधी ऐकलाच नव्हता.

अडीचला दोन मिनिटं असताना एक बाई धावत आली. हाताला बाजरीचं पीठ, पायात एकच चप्पल. नियेले पुढे झाली. सारानने तिच्याकडे पाहिलं. "मी हसले होते," एवढंच म्हणाली आणि गाडीत चढली.

ती पोचली की नाही, हे दुसऱ्या दिवशी ब्रेहिमा येईपर्यंत कळायला मार्ग नव्हता. नियेलेने रात्री घास घेतला नाही. पोचली होती. कफन बांधताना लोकांनी तोंड तिच्यासाठी उघडं ठेवलं होतं.

सातव्या दिवशी नियेले फालाकोनीला गेली. झुमानांची विधवा तेनिन अंगणात चटईवर बसली होती, शेजारी सारान. नियेले गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "आजी, ते अक्षर त्यांचं होतं, म्हणून मी फसले."

"त्यांना कुठलं अक्षर येतंय!" तेनिन म्हणाली. "चिठ्ठ्या मी लिहायची. त्या दिवशीचीही मीच लिहिली."

"आणि त्या खोड्या?"

"ते म्हणायचे, देम्बेलेच्या पोरीला काहीतरी झणझणीत लिही. सुचायचं मला. वाचून दाखवलं की ते लहान मुलासारखे टाळ्या पिटायचे."

नियेलेला हसावं की रडावं कळेना. अकरा वर्षं ती भांडली ती या बाईशी! तिने माफी मागायला तोंड उघडलं, तर तेनिनने हात वर करून तिला थांबवलं.

"माफी त्याची नको मागूस. एक वाजता तू थट्टा केलीस ना, तेव्हा रेडिओ इथेच चालू होता. पुरुष आत त्यांना आंघोळ घालत होते. तू नेहमीसारखी बोललीस आणि मला वाटलं, हे आता उठून टाळ्या पिटतील. तासभर मला तसंच वाटत राहिलं. मग तू जारा म्हणालीस. सरळ. मान देऊन. तेव्हा कळलं मला, की माझा माणूस गेला."

नियेलेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

"पुरे झाला मान," तेनिन म्हणाली. "तू देम्बेले आहेस. नीट बोल त्यांच्याशी."

नियेले उठली. झुमाना जारांच्या बंद खोलीपुढे जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि गावभर जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय रे पळपुट्या! अकरा वर्षं चिठ्ठ्या धाडल्यास आणि मी आले तर तोंड लपवलंस?"

सारान फिसकन हसली, आणि हसता हसताच आईच्या मांडीवर कोसळून मोठ्याने रडली.