इथं दचकायला जागा नाही

टँकच्या तळाशी गाळ साचतो ना, तसे आमच्या शॉपमधले किस्से साचतात. रोज चिमूटभर. वरून बघितलं तर काहीच नाही. मग एक दिवस घमेलं-फावडं घेऊन बसावं लागतं. आज बसले आहे.

आधी आमचं काम सांगते, कारण पहिला किस्सा ते सांगण्यातच आहे.

गाड्यांच्या रिमवर, चासीवर, स्टँडवर रंगाची पावडर भट्टीत भाजून बसवलेली असते. तिला पावडर कोटिंग म्हणतात. ते जुनं झालं, पापुद्रे सुटायला लागले, की नवीन चढवण्याआधी जुनं मुळापासून काढावं लागतं. आम्ही ते काढतो. फक्त काढतो. लावणारे दुसरे.

हे आम्ही राहतो त्या जुळे सोलापूर भागात, आमच्या मजल्यावर कुणाच्या पचनी पडत नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "रंग लावायची कंपनी का गं?" मी म्हटलं, "नाही काकू, काढायची." काकूंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग लावतात कशाला?"

बीएस्सीच्या तिन्ही वर्षांत इतका मुळातला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

*

पहिल्याच दिवशी मी ओरडले.

आमच्या शॉपमध्ये उकळत्या कॉस्टिक सोड्याचा एक टँक आहे. वर छताला साखळीचा हॉइस्ट. पार्ट हुकाला अडकवायचा, साखळी ओढायची, आणि पार्ट टँकवर आणून हळूहळू आत सोडायचा. साखळी सुटताना जो खडखडाट होतो तो मला कुणी आधी सांगितला नव्हता. मी "आई गं!" म्हणून अशी उडाले की हातातला डबा उघडून शेंगाचटणी जमिनीवर.

मालक अण्णा केबिनमधून बाहेर आले. अण्णांच्या घरी पूर्वी माग होते, टॉवेल-चादरी विणायचे. आयुष्यभर मागांच्या आवाजात वाढल्यामुळे की काय, ते फार हळू बोलतात. समोरच्याला वाकावं लागतं. मी वाकले. पोरीबाळींना ते अम्मा म्हणतात.

"अम्मा," अण्णा म्हणाले, "इथं दचकायला जागा नाही."

ते रागावले नव्हते, म्हणून जास्त भीती वाटली. जमीन ओली, समोर उकळता टँक, हातात सॅम्पलचं बीकर. अशा ठिकाणी दचकणारा माणूस स्वतः पडतो, नाहीतर दुसऱ्याला पाडतो. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांनी टँकपासून लांब जमिनीवर पिवळा पट्टा मारून घेतला आणि साखळी चालू असताना मी पट्ट्याच्या अलीकडे उभं राहायचं असं ठरलं. मला नोकरीत कायम करायचं की नाही ते खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेला बघू, म्हणाले. सेफ्टी बूटही तेव्हाच.

तोवर मी आमच्या मल्लूमामांचे (ते पुढे येतीलच) जुने बूट घालून फिरत होते, पुढे वर्तमानपत्र कोंबून.

घरी आईनं खंडेनवमी ही तारीख लगेच उचलली. कायम झालीस तर नोकरी कर, नाही झालीस तर माळशिरसचं स्थळ बघायचं. खरं तर मला ती नोकरी आवडली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर टँकमधल्या सोड्याची ताकद तपासायची हे माझं मुख्य काम. थेंब थेंब ॲसिड सोडत राहायचं, आणि एका थेंबाला सगळा गुलाबी रंग गप्प निघून जातो. त्यात अजिबात आवाज होत नाही.

*

मल्लूमामा म्हणजे टँक चालवणारे. गाव मैंदर्गी. मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलतात, आणि कुठली कुठं संपते ते त्यांनाही माहीत नसावं.

सुरुवातीला मी त्यांना प्रत्येक गोष्ट विचारायचे. "मामा, हे झालं का?" मामा म्हणायचे, "हौद." आमच्याकडे पार्ट धुवायचा पाण्याचा हौद आहे. मी पार्ट उचलून हौदात. परत विचारायचे, "आता झालं का?" "हौद." परत हौदात. "मामा, आता तरी?" "हौद, हौद." दोनदा.

बरेच दिवस शॉपमधला माल इतका स्वच्छ निघाला की कोटिंगवाल्यानं फोन करून कौतुक केलं.

मग कधीतरी कळलं की कानडीत 'हौद' म्हणजे 'होय'. मामांना विचारलं, तुम्ही थांबवलं का नाही मला? ते म्हणाले, "मला वाटलं कालेजात असंच शिकिवत्यात."

*

माझं नाव सायली. हेही एक झालंच.

अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट आम्ही गरम टँकमध्ये घालत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या केमिकलचा थंड टब आहे. त्यात पार्ट बुडवला की थोड्या वेळानं कोटिंग सुरकुततं आणि दुधावरच्या सायीसारखं अलगद वर येतं. ते दिसलं की मामा हाक मारतात, "साय आली!"

मी धावत जाते. "काय मामा?"

"कुटं काय? साय आली."

"हो, आले ना. काय?"

हे रोज व्हायचं. शेवटी अण्णांनी तोडगा काढला. आता मामा "मलई" म्हणून ओरडतात. बाहेर रिक्षावाले थांबून विचारतात, लस्सी आहे का.

*

लोखंड गरम टँकमध्ये, अ‍ॅल्युमिनियम थंड टबमध्ये. ही आमच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट. उलट झालं तर अ‍ॅल्युमिनियमला उकळता सोडा खायला लागतो, टँक फसफसून उतू येतो, आणि पार्टही जातो आणि शेजारी उभा असलेला माणूसही भाजतो. शेजारी उभे असतात मल्लूमामा.

रंगवलेला पार्ट बघून आत काय आहे ते कळत नाही. म्हणून दाराशी सुतळीला एक चुंबक टांगलेलं आहे. येणाऱ्या प्रत्येक पार्टला लावायचं. टक् वाजलं, चिकटलं, तर लोखंड. नाही तर अ‍ॅल्युमिनियम. मामा मोठ्यानं निकाल देतात: "चिकटतंय!" किंवा "चिकटत न्हाई!"

सवयीनं मामा कशालाही चुंबक लावतात. माझ्या स्टीलच्या डब्याला लावून बघितलं. चिकटलं नाही. "डबा फशिवलाय तुमाला," म्हणाले. चांगलं स्टील चिकटत नाही, हे मी त्यांना केमिस्ट्रीसकट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी आईसाठी निरोप दिला की दुकान बदला.

*

दचकणं मात्र कमी होईना. मी सकाळी मनाशी ठरवून यायचे, की आज नाही. साखळी सुटली की "आई गं!"

पुढे पुढे मामांनी ते कामातच धरलं. साखळीला एक झटका द्यायचा, थांबायचं, माझं "आई गं" झालं की मग पार्ट टँकमध्ये सोडायचा. म्हणजे मी पट्ट्याच्या अलीकडे आहे याची खात्री होते, असं त्यांचं म्हणणं. एकदा माल घेऊन आलेल्या टेंपोवाल्यानं घाबरून विचारलं, "काय झालं हो त्या ताईंना?"

मामा मागे न बघता म्हणाले, "हॉर्न हाय त्यो."

अण्णा केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. परत आत गेले. खंडेनवमी जवळ आली होती, आणि मला आईनं त्या आठवड्यात बघण्याच्या कार्यक्रमाला साडी कुठली नेसायची ते विचारलं होतं.

*

साडीपर्यंत गोष्ट गेलीच नाही, कारण माळशिरसचं स्थळ थेट शॉपवर आलं.

त्यांच्या जीपच्या पाच चाकांच्या रिम घेऊन. चार अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि पाचवी स्टेपनीची, लोखंडी. सगळ्या काळ्या, सगळ्यांवर उसाच्या रानातला चिखल. रंग काढायचं निमित्त होतं. मुलगी कामाच्या ठिकाणी कशी दिसते ते बघायचं होतं. मुलगा तसा साधा होता. इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी माळशिरसहून आलोय. तुमच्या आईंनी सांगितलं असेल."

तेवढ्यात मल्लूमामा चुंबक घेऊन त्याच्या मागे आले, त्याच्या हातातल्या रिमला लावलं, आणि नेहमीसारखं सगळ्या शॉपला ऐकू जाईल असं ओरडले, "चिकटत न्हाई!"

मुलगा वळून मामांकडे बघत राहिला.

"ह्ये हितं न्हाई चालायचं," मामा गरम टँककडे हात करून म्हणाले. "थंडात जाऊ द्या."

मुलगा रिम ठेवून गेला. रात्री आईला फोन आला. मुलीबद्दल काही तक्रार नाही, म्हणाले, पण कंपनीनं नकार दिला.

आई मला म्हणाली, "कंपनीला काय अधिकार?" आणि मग, "खंडेनवमीला ते अण्णाही नाहीच म्हणाले, तर दुसरं स्थळ मैंदर्गीचं आहे." मी म्हटलं, तिथली कानडी मला अजून नीट येत नाही.

*

त्या रिम मात्र आमच्याकडेच होत्या.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामांनी त्या कामाला घेतल्या. पाचात एकच चिकटणार हे माहीत होतं. मामा एकेकीला चुंबक लावत गेले. एक नाही. दुसरी नाही. तिसरीला टक्. "चिकटतंय! ह्यी स्टेपनी," म्हणाले, आणि पुढच्या बघितल्याच नाहीत. रिम हुकाला अडकवली, साखळी ओढली, टँकवर आणली.

मी पट्ट्याच्या अलीकडे उभी होते. रिम हवेत फिरली आणि तिची आतली कड माझ्या बाजूला आली. कडेला चिखलाखाली बोटाएवढं काहीतरी बसवलेलं होतं. चाक डुगडुगू नये म्हणून बसवतात ते लोखंडी वजन. चुंबक त्याला चिकटलं होतं. रिमला नाही. रिमवर हुकानं ओरखडा पडला होता, आणि तो चंदेरी पांढरा होता, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम.

खाली टँक उकळत होता. मामा त्याच्या अगदी कडेला उभे होते.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. महिनोन् महिने नको तेव्हा येणारा आवाज आलाच नाही.

मामांनी साखळीला झटका दिला आणि सवयीनं थांबले. वाट बघितली. परत थोडी वाट बघितली. मग जरा वैतागून मान वळवली.

"मॅडम, वरडा की. खाली सोडायचंय."

मी नुसतं बोट दाखवलं. मामांनी बोटाकडे बघितलं, रिमकडे बघितलं, वजन बघितलं. मग दोन्ही हातांनी साखळी धरून ती रिम हळूच मागे नेली, जमिनीवर ठेवली, आणि तिच्याशेजारी स्वतःही बसले. अण्णा केबिनच्या दारात होते. किती वेळ होते कुणास ठाऊक.

"साकु," मामा कानडीत म्हणाले. पुरे. त्या दिवशी आम्ही लवकर बंद केलं.

*

खंडेनवमीला शॉप धुऊन काढलं होतं. पाने, हातोड्या, माझं बीकर, सगळं पाटावर मांडलं होतं. टँकला झेंडूची माळ. चुंबकाला हळदकुंकू. हॉइस्टवर मुहूर्ताचा म्हणून बुलेटचा लोखंडी स्टँड लटकत होता आणि मल्लूमामा नवी टोपी घालून साखळी धरून उभे होते.

मी पट्ट्याच्या अलीकडे. हात जोडलेले.

अण्णांनी नारळ फोडला. मी दचकले. ते त्यांनी बघितलं. मग पाटाखालून एक खोका काढून माझ्यासमोर ठेवला, झाकण उघडलं. नवे सेफ्टी बूट. लहान, माझ्या मापाचे.

मी बुटांकडे बघत राहिले. अण्णांनी सुतळीवरचं चुंबक सोडवलं, आणि बुटाच्या पुढच्या, आत लोखंडी वाटी असलेल्या टोकाजवळ नेलं.

टक्.

"आई गं!"

"हौद," मल्लूमामा म्हणाले, आणि साखळी खाली सोडली.