तीस किलोमीटरपर्यंतचा माणूस

मी पलटणीच्या रनिंग टीममध्ये होतो हे मस्कतमध्ये कुणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती मॅरेथॉन पूर्ण केल्या? मी सांगतो, एकही नाही. मग समोरचा चहाचा कप खाली ठेवतो आणि माझ्याकडे संशयाने बघतो.

मी पेसर होतो. सतरा वर्षांच्या नोकरीतली नऊ वर्षं. पेसरचं काम सिव्हिलियन मंडळींना एकदा नीट सांगतो. रनरच्या पुढे ठरलेल्या वेगाने पळायचं, वारा आपल्या अंगावर घ्यायचा, घड्याळ आपण बघायचं. रनरच्या मनगटावर घड्याळ नसतं. हिशेब पेसरचा, पाय रनरचे. तीस किलोमीटरची पाटी आली की डाव्या बाजूने बाहेर पडायचं. पुढचे बारा किलोमीटर रनर एकटा जातो. फिनिश लाइनवरच्या फोटोत पेसर नसतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटायचं.

माझा रनर नाईक दत्ताराम खोत. सडपातळ, पण जेवायला बसला की लंगरचा कुक हात टेकायचा. शेवटच्या बारा किलोमीटरसाठी त्याने स्वतःच एक सराव काढला होता. तीसनंतर त्याला वेळ सांगायची नाही. त्याने अंदाजाने पळायचं आणि ठरलेल्या वेळेच्या दहा सेकंद इकडेतिकडे यायचं. या सरावाला तो ‘आंधळी’ म्हणायचा.

टीमचे उस्ताद सुभेदारसाहेब वैतागायचे. "खोत, एक दिवस तोंडावर पडशील."

"साहेब, पाय मोजतात," खोत म्हणायचा.

एका हिवाळ्यात आम्ही दोघं बर्फातल्या एका पोस्टवर होतो. सकाळी सात दहाला एका जवानाच्या छातीत पाणी झाल्याचं लक्षात आलं. पोस्टवरून रेडिओ सेट लागत नव्हता. रात्रीच्या बर्फाने खालची वाट बुजलेली. पोस्ट कमांडरनी आम्हा दोघांना बोलावलं.

"खोत, खाली जा. स्ट्रेचर पार्टीला वाट दाखवून वर आण. तू रिजपर्यंत सोबत जा. तिथून सेट लागतो का बघ. लागला तर तिथेच थांब."

आठ चाळीसला आम्ही रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेवर, पोचलो. सेट लागला. म्हणजे मी तिथेच थांबणार होतो. खोतने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"ठेव. इथून पुढे आंधळी."

हसत गेला. बारा वाजायच्या आत त्याने पार्टी वर आणली. आजारी जवानाला घेऊन सगळे परत उतरताना उतारावरचा बर्फ सुटला. स्ट्रेचर पुढे निघून गेला होता. शेवटचा माणूस खोत होता, तो बर्फाखाली गेला. आजारी जवान वाचला, आज त्याला दोन मुलं आहेत.

ऑर्डर बरोबर होती. मी तेव्हाही हेच म्हटलं, आजही म्हणतो. पण मी थांबलो आणि तो गेला, एवढं मात्र डोक्यातून जात नाही.

रिटायर झाल्यावर ओमानला आलो. एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर. मस्कतमध्येच अल मवालेहला राहतो. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी अकरा वाजता भाजी मार्केटच्या मागच्या रस्त्यावर एक माणूस पळताना दिसला. पायात फुटबॉलचे बूट, पण पाऊल असं हलकं की मी गाडी थांबवली. साजिद मुकादम, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा. पहाटे चारपासून मार्केटमध्ये पेट्या उतरवायचा, दहाला मोकळा झाला की पळायचा.

त्याचं गणित सरळ होतं. आपल्याकडे डोंगरातल्या एका ट्रेनिंग कॅम्पमध्ये निवडक मॅरेथॉन रनर घेतात. अट अशी की दोन तास पस्तीस मिनिटांच्या आतली अधिकृत वेळ हवी. वयामुळे साजिदला हा शेवटचाच हिवाळा होता. त्याच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, सुटीही एकदाच कबूल केली होती. जमलं तर जा, नाही तर खलास, परत पेट्या.

"तुमी शिकवाल?" त्याने विचारलं.

"ऐकशील?"

"ऐकन."

त्या दिवसापासून मी उस्ताद झालो. दर शुक्रवारी सकाळी रुस्ताकच्या बाजूला, डोंगराच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर सराव. वेग किलोमीटरला तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी त्रेचाळीस वर्षांचा, तरी तीस किलोमीटर अजून त्या वेगाने ओढतो. साजिदलाही आंधळी शिकवली. पहिल्यांदा तो दीड मिनिट आधी आला आणि छाती फुगवून उभा राहिला.

"लवकर आलास म्हणजे चुकलास," मी म्हटलं. बिचाऱ्याचा चेहरा पडला.

शेवटच्या शुक्रवारी त्याची चूक सहा सेकंदांची होती. मी शाबासकी दिली नाही, खजूर दिले.

रेस म्हणजे मस्कतची मॅरेथॉन. तिचा मार्ग शेवटी समुद्राला लागून होता आणि वारा समोरून येणार होता. म्हणून मी पेसर म्हणून नाव नोंदवलं आणि साजिदला सांगितलं, "उद्या तीस नाही. पस्तीसपर्यंत मी आहे."

सहाला सुरुवात. दहा किलोमीटर छत्तीस चाळीस. वीस किलोमीटर एक तास तेरा वीस. साजिद माझ्या मागे दोन हातांवर. त्याचा श्वास ऐकून मला खात्री होती की आज गडी जिंकणार. तीसची पाटी, एक एकोणपन्नास अठ्ठावन्न.

आणि मी डावीकडे बाहेर पडलो.

कुणी सांगितलं नाही, मी ठरवलं नाही. नऊ वर्षांची सवय, पाटी दिसली आणि पाय वळले. दोन्ही पाय फुटपाथवर आल्यावर मला कळलं. पेसर एकदा बाहेर गेला की परत आत येता येत नाही.

साजिदने वळून पाहिलं. "उस्ताद?"

मी घड्याळाचा पट्टा सोडला, फेकायला हात उचललासुद्धा. मग नियम आठवला. बाहेरच्या माणसाकडून त्याने वस्तू घेतली तर तो बाद. ओरडायला मात्र बंदी नव्हती.

"साजिद! आंधळी!"

त्याने मान पुढे केली आणि गेला.

मी कडेला बसलो, खोतचं घड्याळ हातात धरून. रिजवरही असाच बसलो होतो. एका ओमानी स्वयंसेवकाने पाण्याची बाटली दिली. "खलास?" त्याने विचारलं.

"खलास नाही," मी म्हटलं. त्याला काय कळलं कोण जाणे, तोही शेजारी बसला.

फिनिशवर आमच्या कंपनीतल्या, मूळ पुण्याच्या, जोशी मॅडम होत्या. पंचेचाळीस मिनिटं होत आली तेव्हा त्यांचा फोन आला.

"हवालदारसाहेब, आला! ऐकताय ना? साजिद आला!"

"टाइम?"

"दोन चौतीस पन्नास. बोर्डवर आहे, मी वाचतेय."

माझ्या हिशेबापेक्षा नऊ सेकंद जास्त. म्हणजे दहाच्या आत. "रॉजर," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवून रडलो. तिथेच, रस्त्याच्या कडेला, चांगला हुंदके देऊन.

दुपारी साजिदला सगळं खरं सांगितलं. चूक माझी होती.

"मना वाटला तुमी मुद्दाम गेलात," तो म्हणाला. "परीक्षा घ्यायला."

"नाही रे. सवयीने गेलो."

तो इतका हसला की जोशी मॅडमही हसायला लागल्या.

तीन आठवड्यांनी दुपारच्या विमानाने तो कॅम्पला निघाला. एअरपोर्टवर मी घड्याळ काढून त्याच्यापुढे धरलं. ते कुणाचं आहे हे त्याला माहीत होतं. त्याने ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत माझ्याच मनगटावर बांधलं.

"घड्याळ पेसरकडं असता, उस्ताद."

नाईक दत्ताराम खोत गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. त्याचं घड्याळ अजून चालतं. शुक्रवारी मी रुस्ताकच्या रस्त्यावर जातो, तीस किलोमीटर झाले की ते खिशात टाकतो आणि पुढचे बारा पळतो. दहा सेकंदांच्या आत अजून आलेलो नाही. येईन, इन्शाल्ला.