चांगुणाबाईंचा फोटो

धनाजी जाधव मूळचा साताऱ्याकडचा. बंदराजवळच्या द्रोणागिरी वसाहतीतल्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यात त्याची हयात गेली. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी शालीबरोबर एक छोटा, स्वस्तातला डिजिटल कॅमेरा हातात ठेवला. घरात मोबाइल होता, पण काचेवर बोट टेकवायचं की दाबायचं, हे धनाजीला कधी उमगलं नव्हतं. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की बोटाला कळायचं. त्यावरच तो खूश झाला.

आधी त्यानं बायकोला, राजेश्वरीला, खिडकीपुढं उभं करून फोटो काढले. सगळ्यांत चेहरा काळाकुट्ट.

"एवढी काळी हाय व्हय मी?" ती म्हणाली.

मग त्यानं तिला खिडकीकडं तोंड करून बसवलं, फ्लॅश बंद केला आणि हात हलू नये म्हणून कॅमेरा तांदळाच्या डब्यावर ठेवला. तो फोटो राजेश्वरीनं शेजारणींना दाखवला, आणि बिल्डिंगमधली माणसं येऊ लागली. कुणाला शाळेसाठी फोटो हवा, कुणाला स्थळासाठी. भिंतीला पांढरी चादर कायमचीच लागली.

एकदा जवळच्या मोरा बंदरावरून मासळी विकायला येणाऱ्या कोळीण चांगुणाबाईंनी पाटी दाराबाहेर ठेवली आणि सरळ आत आल्या.

"धनाजी, माजा एक चांगला फोटू कार. मी मेल्याव पोरां आधारकार्डावरचाच मोठा करून लावतीन. त्यान मी चोरावानी दिसते."

"बसा की मावशी," धनाजी म्हणाला.

पण कॅमेरा समोर आला की चांगुणाबाई ताठ व्हायच्या, ओठ घट्ट मिटायच्या. सगळे फोटो आधारकार्डासारखेच. धनाजी घामाघूम झाला. तेवढ्यात राजेश्वरी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मावशी, परवाची कोळंबी शिळी निंगाली बरं का."

"माजी कोळंबी? शिळी?" चांगुणाबाई गर्रकन वळल्या. पण राजेश्वरी पदराआड हसत होती. ते दिसलं आणि त्यांनाही हसू फुटलं. धनाजीनं बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मान वळलेली, तोंड अर्धं उघडं, डोळ्यांत राग आणि हसू दोन्ही.

"मावशी, पुसू का ह्यो?"

त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. "नको. हीच मी हाय."

धनाजीनं फोटो छापून दिला. त्याला वाटलं होतं, त्या मरेपर्यंत तो ट्रंकेत राहील. पण काही दिवसांनी नवरा-बायको मोऱ्याला चांगुणाबाईंच्या घरी गेले, तेव्हा फ्रेम केलेला फोटो टीव्हीच्या वर टांगलेला होता. "बाजारान जाताना रोज बघतान त्या," त्यांची सून म्हणाली. चहा होईपर्यंत शेजारच्या दोघी फोटोसाठी केसांत फुलं माळून दारात उभ्या राहिल्या.

पुढच्या रविवारी धनाजी पुन्हा मोऱ्याला गेला. चादर नेली होती, पण उघडलीच नाही. बायका होडीला टेकून बसल्या आणि धनाजी दुपारपर्यंत फोटो काढत राहिला.