ज्याला मी गटातून काढलं

मागच्या आठवड्यापर्यंत आमच्या गटात सगळे हेच समजत होते की मी एका भामट्याला पकडलं. लग्नाकार्यात आम्ही चारजण भेटलो की कोणीतरी तो विषय काढायचा, माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "गुरुजीनं बरोब्बर पकडलं बाप्पा त्याले!" मी हसायचो. ती गोष्ट खरी नाही, आणि हे मला बऱ्याच महिन्यांपासून ठाऊक होतं.

मी बियाण्यांच्या कंपनीत होतो, सारी नोकरी फिरतीवर. हिंगणघाटला घर होतं, पण त्या घरात मी पाहुण्यासारखा यायचो. वणी, यवतमाळ, चंद्रपूर, आर्वी, पुन्हा वणी. रिटायर झाल्यावर संध्याकाळी काय करायचं ते कळेना. हात आपोआप बॅग शोधायचा. माझ्यासारखे आणखी बरेच होते. औषधवाले, पंपाचे सुटे भाग विकणारे, बँकेचे तपासनीस. काहींची फिरती अजून चालू होती. कोणाची ओळख स्टँडच्या बाकावर झालेली, कोणाची लॉजच्या सामाईक खोलीत. ज्याच्याजवळ जे नंबर होते ते त्याने दिले आणि मी व्हॉट्सॲपवर गट केला. 'फिरतीवरचे' असं नाव ठेवलं.

दिवेलागणीला एकाने प्रश्न टाकायचा. पुस्तकातला नाही, वाटेवरचा. अमुक गावच्या स्टँडवर पाण्याची टाकी कोणत्या अंगाला होती? वणीच्या वाटेवर एसटीच्या खिडकीशी पेरू विकायला यायची त्या बाईच्या टोपलीवर काय झाकलेलं असायचं? नेटवर शोधायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगायचं. ज्याचं बरोबर निघेल, दुसऱ्या दिवशीचा प्रश्न त्याचा. मग उशिरापर्यंत गप्पा, गुडघेदुखी, सुना, भाज्यांचे भाव. टाइप करायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून बहुतेक बोलणं आवाजातच चालायचं.

"काऊन बे, तू तर त्या गाडीत झोपूनच राह्यत होता, तुले टोपली कशी दिसली?"

"झोपत होतो, पण पेरूच्या वासानं जागा होत होतो ना लेका!"

सुरुवातीला बहुतेक दिवस मीच जिंकायचो. म्हणून मला गुरुजी म्हणू लागले. मग एकजण माझ्यापुढे जाऊ लागला. तो कापसाच्या जिनिंगच्या मशीनचे पट्टे विकायचा, वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत राहायचा. हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या फाटकाशी मी त्याला एक-दोनदा पाहिलं होतं. उंच माणूस, खांद्यावर जड पिशवी, पायात धुळीने पांढरे झालेले बूट. याहून ओळख नव्हती.

त्याच्या उत्तरांपुढे आमची उत्तरं अर्धवट वाटायची. मी एकदा विचारलं, चंद्रपूरच्या एका जुन्या खानावळीत हात कुठे धुवायचे? बाकीचे आठवत बसले. त्याने लिहिलं, "जिन्याखाली. नळ गळायचा म्हणून त्याला चिंधी बांधलेली. मालक जेवणाऱ्याला नेहमी आधी विचारायचा, घरून कधी निघालात?" चिंधी मीही पाहिली होती आणि विसरलो होतो. मालकाचा तो प्रश्न तर मीही ऐकलेला होता.

कौतुक वाटायला हवं होतं. मला राग येऊ लागला. मग लक्षात आलं की हा माणूस कधी बोलत नाही. सगळे आवाज पाठवतात, हा फक्त लिहितो. कोणी फोन केला तर उचलत नाही, नंतर लिहितो, "घसा बसला आहे." दोन वर्षं कोणाचा घसा बसतो का? मी दोघातिघांच्या कानावर घातलं, की हा कोणीतरी दुसराच आहे, नेटवर शोधून सांगतो. त्यांनाही ते पटलं, कारण तेही हरत होते.

मी गटात नियम टाकला. उद्या सकाळी प्रत्येकाने आवाजात 'हजर' म्हणायचं. जो म्हणणार नाही तो बाहेर.

सकाळी गंमतच झाली. एकाने शाळेतल्या पोरासारखं "हजर गुर्जीऽऽ" केलं. एकाने कुकरची शिट्टी पाठवली आणि म्हणाला, "बायकोनं मायी पन हजेरी लावली." सगळ्यांचे आवाज आले. त्याचा आला नाही. दुपारी मी त्याला काढलं आणि खाली लिहिलं, "बनावट माणूस होता. गट स्वच्छ झाला." हसण्याची चिन्हं, टाळ्या, सगळं आलं.

संध्याकाळी मला एकट्याला त्या नंबरावरून निरोप आला. "आवाज देता येत नाही. त्याचं कारण आहे. कृपया मला राहू द्या. सगळ्यांना माझी विनंती दाखवा, ते म्हणतील तसं करा. संध्याकाळी मला एवढंच असतं."

मी तो वाचला. दाखवला नाही. उत्तरही दिलं नाही. चोराला विनवण्या करायला येतातच, असं मनात म्हणालो आणि त्या दिवसाचा प्रश्न टाकला.

इथपर्यंतच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

पुढच्या हिवाळ्यात डोळे दाखवायला वर्ध्याला गेलो. काम लवकर झालं. गटातल्या एकाकडे त्याचा पत्ता होता तो घेतला आणि ऑटो करून बोरगाव मेघेला गेलो. मनात काय होतं तेही सांगून टाकतो. त्याच्या दारात उभं राहून त्याचा फोटो काढायचा आणि गटात टाकायचा, एवढ्यासाठी गेलो होतो.

घर छोटं, स्वच्छ. दारासमोर कुंड्या. साठीच्या आसपासच्या एका बाईंनी दार उघडलं. मी त्याचं नाव घेऊन विचारलं, आहेत का?

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "ते तर गेले ना भाऊ. चवथं वर्ष लागलं."

मला वाटलं मी चुकीच्या घरी आलो. पण आत समोरच्या भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली त्याचा फोटो होता. तोच उंच माणूस. आमचा गट होऊनच तीन वर्षं झाली नव्हती. म्हणजे हा माणूस आमच्यात एक दिवसही नव्हता. ज्याचा मी दोन वर्षं हेवा केला, ज्याच्याशी रोज भांडलो, ज्याला भामटा म्हणून हाकललं, तो गट निघण्याआधीच गेलेला होता.

मी उंबऱ्यावरच बसलो. त्यांनी पाणी आणलं. पाणी देताना त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला (व्हॉट्सॲपवर माझा फोटो असतो) आणि विचारलं, "तुमी हिंगणघाटचे गुरुजी तं नाई?"

मी मान हलवली.

"मीच होती," त्या म्हणाल्या.

कोणीतरी जुन्या यादीतून त्याचा नंबर मला दिला होता आणि मी तो गटात टाकला होता. फोन आता त्यांच्याजवळ होता. आधी त्यांनी नुसतं वाचलं. मग एक दिवस आलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, म्हणून लिहिलं.

"पण वहिनी, तुम्ही कधी गेला होता चंद्रपूरला?"

"मी कायले जाते! मायं माहेर अल्लीपूर, सासर हे. तेवढंच मायं फिरनं." त्या जरा हसल्या. "ते घरी आले का ताटावर बसत. मी इचारत होती, आज कोनती गाडी भेटली, बाजूले कोन बसलं, जेवले कुठी. ते सांगत. घरात दुसरं कोनी नव्हतं आमच्या. पस्तीस वर्सं तेच केलं आमी. मग तुमचे प्रश्न येऊ लागले. तुमी इचारलं का मले त्याइचा आवाज आठवे. चिंधीचं मी कधीच इसरली होती भाऊ. तुमी नळाचं इचारलं अन् ते ताटावर बसून सांगून राह्यले असं वाटलं."

मी कसाबसा म्हणालो, "आधीच सांगितलं असतं तर..."

"बाईचा आवाज आला असता तं ठेवलं असतं तुमी मले? अन् नियम होता ना, डोयानं पाह्यलेलंच सांगा. म्यां तं पाह्यलं नव्हतं. चूक मायीच."

त्यांनी चहा ठेवला. मी नको म्हणू शकलो नाही. चहा गाळता गाळता, माझ्याकडे पाठ करून त्या म्हणाल्या, "आता कोनी इचारत नाई तं पुसत चाललं सारं. परवा वणीच्या वाटेवरचं एक गाव आठवून राह्यली, नाईच आठवलं. त्याचं काई नाई. पन एक लागलं मनाले. म्यां निरोप पाठवला होता, सगळ्याइले दाखवा म्हनून. एवढे लोकं, दोन वर्सं संगं बोललो, अन् एकानंही म्हटलं नाई का राहू द्या."

कप माझ्या हातात होता. सांगायचं एवढंच होतं, की वहिनी, तो निरोप कोणी पाहिलाच नाही, मी दाबला. तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते असं, "लोक असेच असतात." चहा संपवून मी निघालो. फाटकापर्यंत त्या सोडायला आल्या. "येत जा," म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मी काय केलं ते मोजत बसलो. नवऱ्याचं बोलणं आठवायची त्यांची जी एक वाट होती ती मी बंद केली होती. वर, गटातल्या लोकांवरचा त्यांचा विश्वास परत देता आला असता, तिथेही खोटं बोलून आलो होतो. फोटो काढायला नेलेला फोन खिशात तसाच होता.

त्यानंतरचे सगळे महिने मी रोज प्रश्न वाचत राहिलो आणि गप्प राहिलो. मागच्या आठवड्यात हे सगळं लिहून काढलं. आधी त्यांना पाठवलं, मग त्यांचा निरोप जोडून गटात. मग एकाचा आवाज आला, "काय केलं हे गुरुजी?" दुसऱ्याने मला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. तिसरा म्हणाला, "वहिनीले आधी वापस घ्या, बाकी मंग पाहू." गटाचा ताबा मी त्याच्याकडे दिला. त्याने बोलावणं पाठवलं आहे. त्या अजून आलेल्या नाहीत.

मला मात्र परवा त्यांचं उत्तर आलं, लिहिलेलं. "वाचलं. म्हणजे त्यांनी पाहिलंच नव्हतं. बरं झालं, कळलं. बाकीच्यांवर माझा राग नाही, त्यांना सांगा."

तो निरोप मी जसाच्या तसा गटात टाकला. माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं. एकाने विचारलंही, "अन् तुमच्याबद्दल?" मी लिहिलं, "एवढंच आहे."