बाटल्यांच्या नवारीची बाज

१९८६ सालच्या मार्चातला रविवार. नवारीचे पंचेचाळीस आणि मजुरीचे वीस रुपये ठरले. हजर मी, माझी आई आणि बाज विणणारे गफूरभाई. असल्या गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही.

आई दोन महिने दवाखान्यात काढून मंगळवार पेठेतल्या घरी परतली होती. घरी तिला एकटीला झोपच लागेना. डॉक्टर म्हणाले, झोप नाही तर ताकद भरणार नाही. गादीवर तिला उकडायचं, म्हणून बाज विणून घेतली. सुती नवार महाग पडत होती, तेव्हा गफूरभाईंनी प्लास्टिकची आणली. उद्यमनगरातल्या कारखान्यात जुन्या बाटल्या वितळवून तिची पट्टी काढायचे.

त्या रात्रीपासून आई गाढ झोपू लागली – पण एका कडेला, अंग चोरून. आणि भिंतीकडच्या रिकाम्या भागात सकाळी झोळ पडलेला, माणूस निजून उठल्यासारखा. पायथ्याची दोरी आवळून घेतली. पुन्हा तेच. गफूरभाईंनी कच्चा माल गळ्यात मारला, अशी माझी खात्री झाली. म्हणून मी बाज फिरवली, उशाकडची बाजू पायथ्याला. नवारच कच्ची असती तर झोळ आता आईच्या बाजूला यायला हवा होता... तो भिंतीकडेच पडला.

गफूरभाईंना बोलावून बाटल्या कुठल्या ते विचारलं.

"तेलाच्या, फिनेलच्या. निम्म्या सलाईनच्या, दवाखान्यातनं येत्यात."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुमी भाव इचारला अण्णा. बाटल्या कुठं इचारल्या?"

नवार कापून टाका, म्हणालो. आई बाजेवरून उठायला तयार नाही.

"शेजारच्या खाटंवरची बाई हाय ती. तितं माझा हात धरून बसायची. तिला तरी दुसरं कोण हाय?"

मी दोन महिने रोज दवाखान्यात जात होतो. आईच्या शेजारची खाट रिकामीच असायची.

पण आई झोपत होती. आता दारापर्यंत चालतही होती. नवार कापायचं धाडस मला झालं नाही. त्या झोळाचा उलगडा मला अजून झालेला नाही.

शेवटी तीन फुटांची बाज साडेचार फुटांची करून घेतली. सुताराला तीस रुपये दिले. गफूरभाईंनी विणायचे चाळीस मागितले. रुंदी दीडपट, मग मजुरी दुप्पट कशी, विचारलं.

"बाज दोघींची हाय की," म्हणाले.

चाळीस दिले.