अनंताच्या कळ्या

अनंताच्या कळ्या आपोआप गळत नव्हत्या. मी खुडत होते.

सिल्वासाच्या आमच्या घरापुढचं हे झुडूप ह्यांनी लावलेलं. मसाटच्या कारखान्यात नोकरी होती तेव्हा एका रविवारी खानवेलच्या रस्त्यावरून रोप आणलं होतं. पुढे ह्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. झाड मात्र भरलं. पहिलं फूल उमललं त्या संध्याकाळी हे म्हणाले, "मला बाहेर ने."

पायऱ्यांवरून चाकांची खुर्ची उतरत नाही. काखेत हात घालून मी त्यांना खाली नेलं, फुलाजवळ बसवलं, पुन्हा वर आणलं. दुसऱ्या दिवशी दुसरं फूल. मग रोजच. हे त्या घटकेची वाट बघत दिवस काढायचे, आणि मला दुपारपासूनच तिची धास्ती. कंबर धरलेली, दम लागायचा. सांगणार कुणाला?

एका सकाळी पाणी घालता घालता मी फुगलेली कळी खुडली आणि आत येऊन म्हणाले, "गळली."

ह्यांनी ते फारच मनावर घेतलं. खाटेवरून हुकूम सुटू लागले, पाणी कमी कर, चहाचा चोथा घाल. शेजारची गुजराती बाई म्हणाली, "छास नाखो ने, बेन!" झालं, घरातलं ताक झाडाला जायला लागलं. मी इमानाने घालायचे, आणि कळ्याही खुडायचे.

परवा जेवताना म्हटलं, "थोडं ताक घ्या की."

"नको. झाडाला पुरू दे."

मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

हे डाव्या हाताने भात चिवडत राहिले. "म्हणजे झाडाला काही झालेलं नाही?"

"नाही."

"बरं." मग ताट बाजूला सारून, "अगं, मी जड होतो हे सांगायला कळ्या कशाला मारायच्या?"

मी ताटं उचलली.

काल एक फूल उमललं. मी दारात उभी राहिले, तेवढ्यात आतून आवाज आला, "तोडून आण इकडेच." मी आणून दिलं. ह्यांनी ते उशाशी ठेवलं. सकाळपर्यंत पिवळं पडलं होतं.

आज आणखी दोन उमललीत. ह्यांनी बाहेर ने म्हटलेलं नाही. मीही चला म्हटलेलं नाही.