लाकडं सारली तिनं, कढी फाटली माह्या पोरीची

बायांनो, मंडळाच्या फळ्यावर आजचंच लिहून राह्यली. वाचा.

पोरीले पाहाले पोंभुर्ण्याचे पाहुणे आले. वडे बुडवून खायले घट्ट कढी मडक्यात ठेवली होती. पोरगी सकाळपासून मंद निखाऱ्यावर ती ढवळत बसली होती.

तेवढ्यात मुलाची माय चुलीपाशी आली. "काऊन वं, इस्तो मेला का?" म्हणत तिनं दोन लाकडं आत सारली. कढी भसकन उकळली अन् फाटली.

जेवताना तीच म्हणते, "पोरीले साधी कढीबी जमत नाई!"

मी म्हटलं, "बाई, लाकडं तुम्हीच सारली."

पाहुणे ताटावरून उठून गेले. आमचे हे माह्यावरच भडकून राह्यले.

पोरगी मात्र त्याच फाटक्या कढीसंगं सहा वडे खाऊन बसली.

सांगा, मी गप्प बसाले पाहिजे होतं?